पहिली पॉइंट टू टू रायफल स्पर्धा भरवताना

नेमबाजी येते, रेंज हाताशी आहे, पण स्पर्धा कधी भरवलेली नाही, अशा मंडळींसाठी हे लिहितोय. पॉइंट टू टू, म्हणजे .२२ लाँग रायफल काडतुसाची रायफल, स्थानिक स्पर्धेला सर्वांत सोयीची. धक्का जवळजवळ नाही, काडतूस मोठ्या बोअरच्या मानाने स्वस्त, आणि ५० मीटरवर ती नेमबाजाची प्रत्येक चूक कागदावर दाखवते. हे काडतूस १८८७ पासून बनतंय आणि ऑलिंपिकमधली ५० मीटर रायफल आजही त्यावरच चालते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे तीन स्थितींतून झाडायच्या प्रकारात, कांस्यपदक मिळवलं, ते याच काडतुसावर. तुमच्या आठ लेनच्या रेंजवर पहिल्यांदा उतरणारा पोरगा आणि ऑलिंपिकच्या अंतिम फेरीतला नेमबाज एकाच मापाची गोळी झाडतात, ही मला या खेळातली फार मोलाची गोष्ट वाटते.

काडतूस लहान आहे म्हणून गाफील मात्र राहायचं नाही. जेमतेम २.६ ग्रॅमची ही शिशाची गोळी मोकळ्यात दीड किलोमीटरहून पुढे जाऊ शकते, आणि दगडावर किंवा पाण्यावर आपटली तर भलत्याच दिशेला उसळते. त्यामुळे खाली जे काही सांगतोय त्यातला मोठा भाग एकाच गोष्टीभोवती फिरतो: रेंजवर आज्ञा कोणाची चालते, आणि ती सगळ्यांना ऐकू येते का.

आधी ठरवा, नेमकं काय झाडायचं

पहिल्या वेळी एकच प्रकार घ्या. एक अंतर, एक पोझिशन, ठरावीक गोळ्या. प्रोन, म्हणजे पालथं झोपून, ५० मीटरवर २० गोळ्या, आधी साइटिंगच्या, म्हणजे साइट जुळवायच्या, गुण न मोजायच्या, हव्या तितक्या. नवख्या आयोजकाला हे झेपतं आणि नवख्या नेमबाजालाही. प्रोनमध्ये रायफल जमिनीलगत असते, नळीची दिशा सहसा भरकटत नाही, आणि लाइनवरच्या, म्हणजे झाडणाऱ्यांच्या रांगेवरच्या, अधिकाऱ्याला एका नजरेत सगळ्या रायफली दिसतात.

थ्री पोझिशनचा मोह अनेकांना होतो. गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून २०-२० गोळ्या, असा आजचा आंतरराष्ट्रीय प्रकार आहे. पण पोझिशन बदलताना सामान हलतं, रायफल हलते, वेळ सरकतो. हे दुसऱ्या किंवा तिसऱ्या स्पर्धेसाठी ठेवा. लोखंडी पाट्यांवर किंवा अडथळ्यांच्या आधाराने झाडायच्या स्पर्धा बघायला मजेशीर असतात, मात्र तिथे नेमबाज हलतो आणि दर टप्प्याला सुरक्षेचं गणित बदलतं. अनुभवी रेंज ऑफिसर हाताशी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

रेंज २५ मीटरचीच असेल तरी अडत नाही. ब्रिटनमध्ये २५ यार्डांवर, एका कार्डावर दहा बुल, म्हणजे नेम धरायची छोटी वर्तुळं, आणि प्रत्येक बुलवर एक गोळी, अशी प्रोन नेमबाजी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय. त्यातून निघालेला पोस्टल मॅचचा प्रकार तर नव्या क्लबला फारच कामाचा. दोन क्लब आपापल्या रेंजवर साक्षीदारासमोर झाडतात, कार्डं एकमेकांना किंवा तिसऱ्या परीक्षकाकडे पाठवतात आणि निकाल लागतो. प्रवास नाही, गर्दी नाही, आणि स्कोअरिंगची सवय होते. माझं स्पष्ट मत असं, की पाहुणे बोलवायच्या आधी प्रत्येक क्लबाने एक तरी पोस्टल मॅच करावी.

वर्गवारी दोनच ठेवा: साधी साइट आणि दुर्बीण. वयोगट, वजनगट, क्लबची रायफल, स्वतःची रायफल असे तुकडे पाडत गेलात तर दहा माणसांना बारा बक्षिसं द्यायची वेळ येते.

परवाने आणि रेंजची पाहणी

शस्त्रकायदा प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो, म्हणून इथे कलमं सांगत बसत नाही. चौकशी कशाकशाची करायची ते मात्र सगळीकडे सारखं आहे. रेंजला स्पर्धा घ्यायची मुभा आहे का, बाहेरचे नेमबाज स्वतःची रायफल आणि काडतुसं घेऊन येऊ शकतात का, ज्याच्याकडे परवाना नाही त्याला क्लबची रायफल देखरेखीखाली वापरता येते का, अल्पवयीन मुलांसाठी काय नियम आहे, आणि विमा स्पर्धेच्या दिवसाला लागू होतो का. उत्तरं लेखी घ्या. तोंडी "चालेल हो" यावर माणसं बोलवू नका.

मग रेंज स्वतः चालून बघा. फायरिंग पॉइंटपासून बॅकस्टॉपपर्यंत, म्हणजे गोळ्या अडवणाऱ्या बांधापर्यंत, पायी जा आणि जमिनीकडे पाहत जा. दगड, विटांचे तुकडे, जुन्या टार्गेट फ्रेमचे खिळे, साचलेलं पाणी, यावरूनच गोळी उसळते. मातीच्या बांधात पुढच्या बाजूला शिशाचा थर साचून कडक झाला असेल तर तो आधी काढून घ्यावा लागतो, कारण शिशावर आपटलेलं शिसं मागे फुटतं. बाजूच्या आणि मागच्या वाटा कुठून येतात, तिथून कोणी चुकून आत येऊ शकतं का, लाल झेंडा कुठे लावला तर तो येणाऱ्याला आधी दिसेल, हेही याच फेरीत ठरतं. मोकळ्या रेंजवर बांधाच्या पलीकडे काय आहे याची खात्री नसेल तर स्पर्धा दुसरीकडे घ्या.

दोन नेमबाजांमध्ये हात लांब करून एकमेकांना लागणार नाही एवढी जागा हवी. प्रोनसाठी लेनची रुंदी सव्वा मीटर धरली तर स्लिंग (रायफल हाताला बांधायचा पट्टा), स्कोप आणि काडतुसांचा डबा नीट मावतात.

एका पानात मावतील असे नियम

लांबलचक नियमपुस्तिका कोणी वाचत नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे, म्हणजे आयएसएसएफचे नियम पाया म्हणून घ्या आणि तुमचे फरक एका पानावर लिहा. गोळ्या किती, वेळ किती, कोणती साइट, स्लिंग चालेल का, दोन पायांचा स्टँड चालेल का, काडतूस फक्त .२२ लाँग रायफल आणि गोळी साध्या शिशाची, मॅगझिन वापरायचं की एकेक काडतूस भरायचं. पहिल्या स्पर्धेत एकेकच भरायला लावा. ट्यूब मॅगझिनच्या रायफली तर अशाच वापरायला सांगा, कारण नळकांड्यात शेवटचं काडतूस अडकून राहिलं तर बाहेरून कळत नाही.

वादाची कलमं याच पानावर असू द्यात. शेजारच्या टार्गेटवर गोळी गेली तर ती झाडणाऱ्याची मिस. कार्डावर जास्त भोकं सापडली आणि शेजाऱ्याची कोणती हे कळत नसेल, तर ज्याचं कार्ड आहे त्याला सर्वांत जास्त गुणांची भोकं मिळतात, कारण त्याची काही चूक नाही. स्वतःच जास्त गोळ्या झाडल्या असतील तर उलट, सर्वांत जास्त गुणांची भोकं आधी रद्द. रायफल बिघडली तर किती मिनिटं मिळतील, तेही लिहा. हे सगळं आधी छापून वाटलेलं असलं की त्या दिवशी आवाज चढत नाहीत.

माणसं

मुख्य रेंज ऑफिसर एकच. त्याने त्या दिवशी स्वतः झाडायचं नाही, नोंदणीच्या टेबलावर बसायचं नाही, कोणाला नेम धरायला शिकवायचं नाही. लाइनवर उभं राहणं एवढंच त्याचं काम. त्याच्या हाताखाली दर पाच-सहा लेनमागे एक सहायक. त्यात नवखे जास्त असतील तर दर दोन-तीन लेनमागे एक. स्कोअरिंगला किमान दोघं, नोंदणी आणि रायफल तपासणीला दोघं, आणि तक्रारींसाठी तिघांची समिती. तिघं विषम संख्येत असतात आणि मतं अर्धीअर्धी होत नाहीत. समितीतला कोणी स्वतः स्पर्धक असेल तर त्याच्या तुकडीच्या तक्रारीत त्याने बोलायचं नाही.

प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलेला एक माणूस, रक्तस्राव थांबवायचं सामान, आणि कुठलंही काम न दिलेली एक गाडी. सर्वांत जवळचं, अपघात विभाग चालू असलेलं रुग्णालय कोणतं आणि तिकडे कोणत्या रस्त्याने जायचं, हे कागदावर लिहून नोंदणीच्या टेबलावर चिकटवा.

वेळेचं गणित

एका वेळी लाइनवर झाडणाऱ्या तुकडीला डिटेल म्हणतात. २० गोळ्यांच्या प्रोन डिटेलचा हिशेब असा मांडतो: सामान मांडून जागेवर बसायला १० मिनिटं, साइटिंगला १०, स्पर्धेच्या गोळ्यांना २५, आणि लाइन मोकळी करून टार्गेट बदलायला १५. म्हणजे एक तास. आठ लेन असतील तर चार डिटेलमध्ये ३२ जण झाडतात. याहून जास्त नावं घेऊ नका. शेवटच्या डिटेलला ऊन तिरपं होतं, माणसं कंटाळलेली असतात, लाइनवरचा अधिकारी थकलेला असतो, आणि चुका नेमक्या तेव्हाच होतात.

लेनची सोडत जाहीरपणे काढा. कडेच्या लेनवर वारा वेगळा वाहतो आणि अनुभवी नेमबाजांना ते माहीत असतं.

वाऱ्याचं म्हणाल तर ५० मीटरवर तो खेळातलाच भाग आहे. ताशी १० किलोमीटरचा आडवा वारा पॉइंट टू टूच्या गोळीला साधारण दीड-दोन सेंटिमीटर सरकवतो. ५० मीटरच्या टार्गेटवर दोन कड्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर, म्हणजे नेम अचूक असूनही दोन गुण गेले. त्यासाठी आंतरराष्ट्रीय रेंजवर १० आणि ३० मीटरवर हलक्या कापडाच्या वाऱ्याच्या पट्ट्या लावतात, ५ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर लांब. तुम्हीही लावा. नवख्या नेमबाजाला ती पट्टी पाहायला लागलं की खेळ खरा समजू लागतो.

टार्गेट

५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि पुढचं प्रत्येक कडं १६ मिलिमीटरने वाढतं: नऊचं २६.४, आठचं ४२.४, असं शेवटच्या १५४.४ पर्यंत. आतल्या दहाचं वर्तुळ ५ मिलिमीटरचं. काळा गोल ११२.४ मिलिमीटर. गोळी ५.६ मिलिमीटरची, आणि भोकाची कड रेषेला नुसती टेकली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत असेल तर दहा.

हे एवढं खोलात सांगायचं कारण २५ मीटरवाले. ५० मीटरच्या टार्गेटची झेरॉक्स अर्ध्या आकारात काढून २५ मीटरवर लावली की झालं, असा समज सर्रास आढळतो. टार्गेट अर्धं झालं तरी गोळी अर्धी होत नाही. ५.२ मिलिमीटरच्या वर्तुळाला ५.६ मिलिमीटरची गोळी टेकायला फारच सोपी, आणि गुण फुगतात. बरोबर हिशेब असा: ५० मीटरवर वर्तुळ आणि गोळी मिळून १६ मिलिमीटर होतात, त्याचे अर्धे ८, त्यातून गोळीचे ५.६ वजा केले की राहतात २.४. दहाचं वर्तुळ २.४ मिलिमीटरचं हवं, नऊचं १०.४, आठचं १८.४, आणि पुढे आठ-आठने वाढ. काळा गोल तेवढा सरळ अर्धा, ५६.२, कारण तो फक्त डोळ्याला दिसायचा असतो. असं टार्गेट संगणकावर काढून नीट छापून घ्या, आणि छापल्यावर मोजपट्टीने तपासा, कारण प्रिंटर पान मावण्यासाठी आकार गुपचूप बदलतात.

कागद थोडा जाड घ्या. पातळ कागदावर भोक फाटतं आणि कड कुठे आहे ते कळत नाही. एका बुलवर जास्तीत जास्त दोन गोळ्या. पाच-पाच झाडू दिल्या तर चांगल्या नेमबाजाची भोकं एकात एक जातात आणि चौथी गोळी कुठे गेली याचा शोध संध्याकाळपर्यंत चालतो. साइटिंगचा बुल वेगळा आणि त्यावर ठळक खूण.

प्रत्येक कार्डावर आधीच डिटेल, लेन आणि अनुक्रमांक लिहून ठेवा. नाव नको. स्कोअर करणाऱ्याला कार्ड कोणाचं हे कळायला नको.

मुख्य टार्गेटच्या मागे अर्धा मीटर अंतर सोडून एक कोरा कागद लावता आला तर फार उपयोग होतो. सव्वा मीटर बाजूच्या लेनवरून आलेली गोळी तिरकी येते, आणि मागच्या कागदावरचं तिचं भोक पुढच्या भोकाच्या सरळ रेषेत न पडता १२-१३ मिलिमीटर बाजूला पडतं. गोळी कोणाची यावर तासभर घासाघीस करण्यापेक्षा दोन कागद एकावर एक धरून पाहणं सोपं.

सकाळी, पहिली गोळी झाडायच्या आधी

रायफल पेटीत बंद होऊन येते आणि पेटीतच फायरिंग पॉइंटपर्यंत जाते. तपासणी करायची असेल तर त्यासाठी नळी बांधाकडे राहील अशी वेगळी जागा ठेवा. पार्किंगमध्ये, झाडाखाली, मित्राला दाखवायला, कुठेही पेटी उघडायची नाही. उघडणाऱ्याला त्या दिवशी झाडायला मिळणार नाही, हे आधीच सांगा आणि सांगितलं तसं वागा, तो माणूस कितीही मोठा असला तरी.

बोल्ट (चेंबर बंद करणारा सरकता दांडा) उघडा आणि चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या पोकळीत) सेफ्टी फ्लॅग, ही रायफलची कायमची अवस्था. फ्लॅग म्हणजे भडक रंगाचा प्लॅस्टिकचा तुकडा किंवा दोरा. त्याचा खरा उपयोग तो घालताना कळतो. चेंबरमध्ये काडतूस किंवा अडकलेली पुंगळी असेल तर फ्लॅग आत जातच नाही. म्हणून फ्लॅग नुसता बोल्टवर टेकवून ठेवलेला चालत नाही, तो चेंबरमध्ये शिरलेला दिसला पाहिजे. सहायकाने प्रत्येक रायफलीजवळ वाकून हे पाहायचं.

सगळे जमले की दहा मिनिटांची सूचना. मुख्य रेंज ऑफिसरनेच द्यायची, आणि उशिरा येणाऱ्यांना पुन्हा द्यायची, त्याशिवाय लाइनवर सोडायचं नाही. आज्ञा चार: 'लोड', 'स्टार्ट', 'स्टॉप', 'अनलोड'. सगळीकडे हेच शब्द चालतात, त्यात स्वतःची भर घालू नका. 'लोड' म्हणेपर्यंत काडतुसाला हात नाही. 'स्टार्ट' म्हणेपर्यंत गोळी नाही. 'स्टॉप' ऐकलं की ट्रिगरवरचं बोट बाहेर, बोल्ट उघडा, नेम साधलेला असला तरी ती गोळी झाडायची नाही.

गोळीबार सुरू करायचा अधिकार फक्त मुख्य रेंज ऑफिसरचा. थांबवायचा अधिकार रेंजवरच्या कोणाचाही, बारा वर्षांच्या प्रेक्षकाचासुद्धा. बांधावर कुत्रं चढलं, कोणी लाइनच्या पुढे पाऊल टाकलं, काहीतरी विचित्र दिसलं, तर दिसलेल्याने मोठ्याने 'स्टॉप' ओरडायचं. ते चुकून ओरडलं गेलं तरी कोणी रागवायचं नाही, उलट वाया गेलेला वेळ डिटेलला परत द्यायचा. हे सूचनेच्या वेळी सगळ्यांदेखत बोलून दाखवा, म्हणजे ओरडायला कोणी लाजणार नाही.

कान आणि डोळे झाकलेले हवेत, स्पर्धकांचे आणि लाइनजवळच्या सगळ्यांचे. पॉइंट टू टूचा आवाज मोकळ्यात किरकोळ वाटतो, पण रायफलीजवळ तो साधारण १४० डेसिबलच्या घरात जातो आणि छपराखाली आठ रायफली एकदम चालतात तेव्हा कानाला सोसत नाही. कान झाकलेले म्हणजे आज्ञा ऐकू यायला हवी. त्यासाठी ध्वनिक्षेपक किंवा निदान मोठी शिट्टी ठेवा, आणि शेवटच्या लेनवर स्वतः उभे राहून आवाज येतो का ते आधी तपासा.

टार्गेट बदलायला पुढे जाताना

इलेक्ट्रॉनिक टार्गेट नसतील तर माणसांना पुढे जावंच लागतं, आणि दिवसभरातला सर्वांत नाजूक क्षण हाच. क्रम ठरलेला असू द्या आणि एकदाही मोडू नका.

'स्टॉप', मग 'अनलोड'. प्रत्येकजण बोल्ट उघडतो, मॅगझिन असेल तर काढतो, फ्लॅग घालतो, रायफल मॅटवर ठेवतो, उठतो आणि मागच्या पांढऱ्या रेषेमागे जाऊन उभा राहतो. सेमी ऑटोमॅटिक रायफल असेल तर आधी मॅगझिन काढायचं, मग बोल्ट ओढायचा. क्रम उलटा केला तर बोल्ट मॅगझिनमधलं पुढचं काडतूस वर ओढतो. सहायक आपल्या प्रत्येक रायफलीजवळ वाकून फ्लॅग पाहतो आणि हात वर करतो. सगळ्या सहायकांचे हात वर दिसले की मुख्य अधिकारी स्वतः एक फेरी मारतो आणि "लाइन सुरक्षित, पुढे जा" म्हणतो. कोणीही पुढे असेपर्यंत लाइनवर एकजण पहारा देतो आणि रायफलींना कोणीही हात लावत नाही. स्कोपची काच पुसायची नाही, मॅट सरळ करायची नाही, काडतुसं मोजायची नाहीत.

परत येताना पुढे गेलेल्यांची संख्या मोजून घ्या. आठ गेले, आठ आले, मग पुढची डिटेल.

हे सगळं आदल्या दिवशी, काडतुसांशिवाय, आपल्याच माणसांना घेऊन दोनदा करून पाहा. पॉइंट टू टूच्या रायफलीचा ट्रिगर रिकाम्या चेंबरवर मात्र दाबू देऊ नका. यात फायरिंग पिन काडतुसाच्या कडेवर बसते, काडतूस नसेल तर काही रायफलींत ती चेंबरच्या कडेवर आदळून खाच पाडते. सरावासाठी खोटी काडतुसं मिळतात, ती वापरा.

काडतूस उडालं नाही तर

या काडतुसात पेटवणारं मिश्रण बुडाच्या कडेत भरलेलं असतं. कुठे ते थोडं कमी पसरलं असेल आणि पिन नेमकी तिथे बसली तर काडतूस उडत नाही. दिवसात दोन-चार वेळा तरी असं घडेल. नेमबाजाने नळी टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबायचं, कारण क्वचित काडतूस उशिरा पेटतं. मग बोल्ट उघडून काडतूस काढायचं आणि सहायकाकडे द्यायचं. तेच काडतूस फिरवून पुन्हा घालायची सवय अनेकांना असते. सरावात जे काय करायचं ते करोत, स्पर्धेत नको.

याहून घातक म्हणजे दबका आवाज. नेहमीच्या टणत्काराऐवजी फुस्स झालं आणि टार्गेटवर भोक नाही, तर गोळी नळीत अडकलेली असू शकते. नेमबाज लगेच पुढचं काडतूस भरायला जातो, घड्याळ पळत असतं ना. सहायकाचा कान इथे हवा. त्या लेनला जागच्या जागी थांबवायचं, बोल्ट काढून नळी तपासायची, आणि गोळी अडकलेली असली तर ती रायफल त्या दिवसापुरती बंद.

न उडालेल्या काडतुसांसाठी झाकणाचा वेगळा डबा ठेवा. कचऱ्याच्या पिंपात एकही जाऊ देऊ नका.

स्कोअरिंग

लाइनपासून दूर, नीट उजेडात, प्रेक्षकांना गर्दी करता येणार नाही अशा जागी टेबल मांडा. एकजण गुण वाचतो, दुसरा लिहितो, मग कार्ड बदलून दुसरा वाचतो आणि पहिला ताडून पाहतो. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय कार्ड पुढे सरकत नाही. बेरीज यंत्रावर करा.

बहुतेक भोकं नुसत्या डोळ्यांनी लागतात. घोळ रेषेवरच्यांचा असतो. गोळी कागदातून जाते तेव्हा भोक तिच्याहून लहान दिसतं, कारण कागदाचे तंतू परत मिटतात, आणि म्हणून नुसत्या डोळ्यांनी बाहेरचं वाटलेलं भोक प्रत्यक्षात रेषेला टेकलेलं असू शकतं. अशा वेळी गेज (भोकात घालून माप घ्यायची खुंटी) घालायचा, ५.६ मिलिमीटरचा. कार्ड सपाट ठेवून गेज सरळ वरून, न दाबता, हलक्या हाताने आत सोडायचा. भिंग घेऊन पाहायचं की गेजच्या चकतीची कड रेषेला टेकते का. टेकते, वरचा गुण. मध्ये पांढरी फट दिसते, खालचा गुण. गेज एका भोकात एकदाच घालायचा, कारण दुसऱ्या वेळी भोक मोठं झालेलं असतं. गेज कोणी घातला, काय गुण दिला आणि सही, हे भोकाजवळच पेन्सिलीने लिहून ठेवा. नंतर तक्रार आली तर त्या भोकात पुन्हा गेज घालायचा नाही, लिहिलेला निर्णय पक्का. दोन स्कोअररचं जुळलं नाही तर गेज घालायच्या आधीच समितीतल्या तिसऱ्याला बोलवा.

गुण समान झाले तर आधी आतल्या दहांची संख्या पाहतात. तीही समान असेल तर शेवटच्या दहा गोळ्यांची बेरीज, मग त्याआधीच्या दहांची. हे कार्डांच्या क्रमावरून कळतं, म्हणून कार्डांना अनुक्रमांक हवेतच. सरतेशेवटी जमत असेल तर दोघांना एकेक गोळी झाडायला लावा. प्रेक्षकांना ते फार आवडतं, आणि त्या दोन पोरांना जन्मभर आठवतं.

तात्पुरता निकाल फळ्यावर लावा, त्यावर वेळ लिहा आणि तक्रारीला दहा मिनिटं द्या. तक्रार करणाऱ्याला त्याचं कार्ड पाहू द्या, हात लावू देऊ नका. दहा मिनिटं संपली की निकाल पक्का. निकाल त्याच दिवशी, सगळ्यांचा, शेवटच्या क्रमांकापर्यंत जाहीर करा. अठ्ठाविसाव्या क्रमांकावरचा नवखा मुलगा आपले १४२ गुण पाहायलाच थांबलेला असतो, आणि पुढच्या वेळी तो १५० साठी येणार असतो.

संपल्यावर

शेवटची 'अनलोड' झाली, रायफली पेटीत गेल्या, की मुख्य अधिकाऱ्याने रेंज बंद जाहीर करायची आणि लाल झेंडा उतरवायचा. त्याआधी नाही.

मग हात धुणं. काडतुसाच्या धुरात आणि गोळीवर शिसं असतं, ते हातावरून पोटात जातं. थंड पाणी आणि साबण, खाण्यापिण्याच्या आधी, मुलांचे हात मोठ्यांनी समोर उभं राहून धुवून घ्यायचे. लाइनवर दिवसभर खाणं-पिणं बंद ठेवायचं कारणही हेच.

पितळी पुंगळ्या गोळा करताना त्यात एखादं जिवंत काडतूस मिसळलेलं नाही ना, ते हाताने चाळून पाहा. मॅटखाली, गवतात, काडतुसांच्या रिकाम्या डब्यांत नेहमी दोन-तीन सापडतात. न उडालेल्यांचा डबा रेंजच्या जबाबदार माणसाच्या ताब्यात द्या आणि त्याची सही घ्या. कार्डं महिनाभर जपून ठेवा. किती काडतुसं उडाली नाहीत, कोणत्या डिटेलला उशीर झाला, कोणत्या लेनवर आज्ञा ऐकू आली नाही, हे त्याच संध्याकाळी, मदतनीस घरी जायच्या आत, एका वहीत लिहून घ्या. पुढची तारीख त्या वहीवरून ठरवा.